घरासाठी नवा कॉम्प्युटर: टॉवर, मिनी, ऑल-इन-वन की लॅपटॉप?

वारा_खाडीचा | शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी,

घरचा टॉवर बदलायचा आहे. आय३-४१३०, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, साडेअठरा इंची व्हीजीए मॉनिटर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही.

कामं अशी:
१) टॅली प्राइमवर तीन दुकानांचे हिशेब, जीएसटी रिटर्न. त्यातली एक प्रायव्हेट लिमिटेड, म्हणून डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन लागतं.
२) श्रीलिपीत लग्नपत्रिका आणि मंडळाच्या अहवालांचं टंकन. दहा वर्षांच्या जुन्या फायली आहेत.
३) मुलाची अकरावी सायन्स: ऑनलाइन क्लास, पायथन.

गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. कोपरखैरण्यात वनबीएचके, हॉलच्या खिडकीला लागून ३ फूट बाय दीड फुटाचं टेबल, खिडकी खाडीच्या बाजूला. बजेट मॉनिटर धरून ५० हजार.

समोर असलेले पर्याय: असेंबल्ड टॉवर, मिनी पीसी, ऑल-इन-वन, लॅपटॉप आणि मॅक मिनी. कोणता घ्यावा हे नाही सांगता आलं तरी कोणता का घेऊ नये हे जरूर सांगा.

नौपाडाकर | सकाळी ९.३८

डबा नंतर बघा, आधी सॉफ्टवेअर. तुमच्या यादीतल्या पहिल्या दोन ओळींतच अर्धा बाजार बाद होतो. टॅली प्राइम विंडोजवर चालतं, श्रीलिपी विंडोजची, आणि डीएससी टोकनचं ड्रायव्हर व ईएमसायनर (ऑनलाइन सही करायचं सॉफ्टवेअर) विंडोजवरच सगळ्यात कमी कटकटीत बसतात. क्रोमबुक तुम्ही लिहिलं नाही ते बरं केलंत. मॅक मिनीही याच कारणाने काढून टाका.

उपवन | सकाळी ९.५५

मॅक मिनीला इतक्या झटकन बाहेर काढू नका. २०२४ चा एम४ मिनी मूळ मॉडेललाच १६ जीबी देतो. १२.७ सेंटिमीटरचा चौकोन, पॉवर सप्लाय आतच असल्याने बाहेर अ‍ॅडॉप्टरची वीट लोंबत नाही, आणि रिकामा असताना जेमतेम चार-पाच वॉट ओढतो. दीड फुटी टेबलाला यापेक्षा सोयीचं काही नाही. विंडोजपुरतं पॅरलल्स (मॅकच्या आतच विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) टाकता येतं.

नौपाडाकर | सकाळी १०.२०

उपवन, यंत्र उत्तमच आहे, पण अडचण पॅरलल्सपाशी सुरू होते. एम मालिकेच्या मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे थेट विंडोज चालवायची सोय, नाही. पॅरलल्समध्ये चालतं ते एआरएमचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं विंडोज. साध्या प्रोग्रॅमचं भाषांतर ते चालता चालता करतं, टॅलीसारखं काही तिथे उघडेलही. ड्रायव्हरचं मात्र भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठी वेगळा बनवलेलाच लागतो. डीएससी टोकन, जुन्या सॉफ्टवेअरचे यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली), दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर, सगळं तिथेच अडकतं. २० तारखेला रिटर्न भरताना टोकन दिसलं नाही तर करायचं काय?

शिवाय त्याला जुन्या पद्धतीचा चपटा यूएसबी पोर्ट एकही नाही. टोकन, पेनड्राइव्ह, प्रिंटर, सगळ्याला हब लागणार. रॅम चिपच्या पॅकेजमध्येच असल्याने पुढे वाढवता येत नाही, आणि एसएसडीचं कार्ड निघत असलं तरी ते बाजारातलं नेहमीचं एम.२ कार्ड नव्हे.

उपवन | सकाळी १०.३१

टोकनचा मुद्दा मान्य. फक्त पायथन आणि क्लास असते तर मी सोडलं नसतं.

सोल्डरगन | सकाळी ११.०५

नवं मशीन घेताना मी एकच प्रश्न विचारेन: यातलं काय आधी बिघडेल आणि ते गल्लीतल्या दुकानात तासाभरात बदलून मिळेल का? हिशेबाचं मशीन आठवडाभर सर्व्हिस सेंटरला पडून राहणं परवडत नाही.

ऑल-इन-वन: पॅनेल, मदरबोर्ड, अ‍ॅडॉप्टर, यांतलं एक गेलं की तिन्ही बसले. पॅनेल त्या मॉडेलचं खास असतं. आतला प्रोसेसर बहुधा लॅपटॉपचाच. आणि पाच वर्षांनी बोर्ड गेला तर चांगला चालणारा स्क्रीन मॉनिटर म्हणूनही वापरता येत नाही, कारण बऱ्याच मॉडेलांना बाहेरून चित्र घ्यायची सोयच नसते. नुसतं 'एचडीएमआय' लिहिलेलं असेल तर ते बहुधा बाहेर देणारं असतं. आत घेणारं असेल तर पोर्टपाशी 'इन' छापलेलं दिसतं. ते नसेल तर घेऊ नका.

लॅपटॉप: बॅटरी, बिजागरी आणि कीबोर्ड हे झिजणारे भाग. बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅम बोर्डवर सोल्डर केलेली. ८ जीबी सोल्डर आणि एकही स्लॉट मोकळा नाही, असं मॉडेल आज कुणीही घेऊ नये.

मिनी पीसी: बाहेरचा अ‍ॅडॉप्टर पहिला जातो, पण तो बदलता येतो. दुसरा नंबर छोट्या पंख्याचा. त्याचा आकार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून मॉडेलचं नाव घेऊन शोधावा लागतो.

टॉवर: सगळं सुटं. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला तर नवा, रॅम गेली तर नवी, पंखा कुठलाही १२० मिलिमीटरचा.

आता तुमची खिडकी. खाडीकाठच्या हवेत दमटपणा आणि मीठ दोन्ही, शिवाय खारफुटीच्या चिखलातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं-चांदी काळी पाडतो. पावसाळ्यात 'कॉम्प्युटर चालू होतो, पंखा फिरतो, स्क्रीनवर काहीच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा रॅमच्या कडेवर चढलेल्या थराची असते. रॅम काढून रबराने घासायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. तो लागू पडतो, पण जोर लावला तर सोन्याचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच पट्टी आणखी वेगाने खराब होते. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एकाच दिशेने दोनदा पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. प्लग काढून, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरल्यावरच हात घाला.

टॉवरमध्ये हे दहा मिनिटांचं काम. ऑल-इन-वनमध्ये त्यासाठी अख्खा स्क्रीन पालथा घालून मागचं झाकण उचकटावं लागतं.

दोन गोष्टी अजून. मशीन खिडकीपासून निदान चार-पाच फूट आत ठेवा. आणि काम संपल्याबरोबर गरम यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आतली दमट हवा तिथेच कोंडते. रोज तासभर चालणारं मशीन महिनाभर बंद असलेल्यापेक्षा पावसाळ्यात जास्त टिकतं, कारण आतली ऊब ओल धरू देत नाही.

कळवा_नाका | सकाळी ११.१२

रबराची माहिती सोन्यासारखी. वाचनखूण साठवली.

घणसोली_फलाट | दुपारी १२.४०

लॅपटॉपच्या बाजूने कुणीच नाही म्हणून मी. अकरावीनंतर दोन वर्षांत इंजिनियरिंग, कदाचित हॉस्टेल. तेव्हा लॅपटॉप घ्यावाच लागणार, मग आजच का नको? वीज गेली तर चालू राहतो, वनबीएचकेत उचलून आतल्या खोलीत नेता येतो.

घेताना प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. 'यू' म्हणजे साधारण १५ वॉटचा, थंड आणि बॅटरी पुरवणारा. 'एच' म्हणजे ४५ वॉटच्या घरातला, वेगवान पण गरम. हिशेबाला 'यू' पुरतो. टेबलावर सतत चार्जर लावून वापरणार असाल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू करा. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात गरम राहिली की फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो.

सोल्डरगन | दुपारी १.०५

घणसोली, सगळं बरोबर, फक्त वेळ चुकते. आज घेतलेला लॅपटॉप हॉस्टेलला जाईल तेव्हा दोन वर्षं जुना, वॉरंटी संपलेला आणि बॅटरी उतरलेला असेल. बरं, तो गेला की घरी टॅली कशावर? शाखा ठरल्यावर घेतलेला बरा. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स लागलं तर यंत्र वेगळं, कॉम्प्युटरला वेगळं.

घणसोली_फलाट | दुपारी १.१८

घरी टॅली कशावर, याला माझ्याकडे उत्तर नाही. मागे घेतो. :)

पारसिक | दुपारी ३.३०

टॉवरची यादी देतो. आकडे मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलंय. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे सकाळचा भाव संध्याकाळी धरू नका, लेखी कोटेशन घ्या.

पर्याय अ: रायझन ५ ५६००जी, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, डीडीआर४ ३२०० ची ८+८ जीबी जोडी.
पर्याय आ: आय३-१२१००, एच६१० बोर्ड, रॅम तीच.
दोन्हींना: ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस, समोर जाळी असलेलं छोटं कॅबिनेट.

टॅली, श्रीलिपी आणि क्लाससाठी 'आ' पुरेसा आहे. ५६००जीचे सहा कोअर आणि जास्त बरे ग्राफिक्स मुलाला पुढे कामी येतील इतकंच.

आता चुका कुठे होतात:

प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतात. १२१००एफ स्वस्त दिसतो, पण वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर स्क्रीन काळाच राहतो.

एच६१० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची रॅम बसतच नाही. डीडीआर४ वाल्यांच्या नावात बहुधा 'डी४' असतं, बिल करण्याआधी वाचा.

बी४५० बोर्डांचा जुना साठा खपवायला दिला तर त्याची बायोस (बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) ५६००जीच्या आधीची असू शकते. मग मशीन सुरूच होत नाही. बायोस अपडेट करून देणार असतील तरच घ्या.

१६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतात, दोन चॅनेल मिळाले की त्यांना दुप्पट रुंद रस्ता मिळतो. एच६१० ला दोनच स्लॉट असतात हे मात्र लक्षात ठेवा.

एम.२ आकाराच्या एसएसडीतही दोन जाती आहेत. साटावाली साडेपाचशे एमबी प्रति सेकंदाच्या आसपास थांबते, एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. दिसायला सारख्याच.

कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस वापरू नका. त्याच्यावर ४५० लिहिलेलं असतं, पण वजन हातात घेऊन बघा. तो जळताना बोर्डाला सोबत घेऊन जातो.

आणि स्वस्त बोर्डांवर वायफाय नसतो. राउटर हॉलमध्येच असेल तर सरळ केबल टाका.

महापे_शिफ्ट | दुपारी ३.५०

पारसिक, विंडोज धरलंच नाही तुम्ही! असेंबल्ड मशीनला ते वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि होम आवृत्तीच्या रिटेल लायसन्सने बजेटला चांगलाच खड्डा पडतो. ब्रँडेड टॉवर किंवा ऑफिसातून निघालेला मिनी घेतला तर लायसन्स बायोसमध्येच असतं.

पारसिक | दुपारी ४.०२

खरं आहे, राहूनच गेलं. त्यासाठीच विचारतो: वारा_खाडीचा, तुमच्या जुन्या मशीनवरची विंडोजची 'की' रिटेल (सुटी विकत घेतलेली) आहे का ओईएम (मशीनसोबत आलेली)? कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि डी-एल-आय असं टाका. खिडकी उघडेल, त्यात चॅनेल लिहिलेलं असतं. रिटेल असेल तर ती नव्या मशीनवर नेता येते आणि विंडोज ११ लाही चालते. ओईएम असेल तर ती जुन्या मदरबोर्डाबरोबरच संपली. विंडोज ७ च्या कीवर नवं विंडोज सुरू करायची वाट २०२३ मध्येच बंद झाली.

ऑनलाइन पाचशे-हजारात मिळणाऱ्या कीजच्या वाटेला जाऊ नका. क्लायंटच्या हिशेबाचं मशीन आहे.

महापे_शिफ्ट | दुपारी ४.३५

मग ऑफिसातून निघालेल्या मिनींबद्दल सविस्तर लिहितो, कारण या बजेटमध्ये तो मोठा पर्याय आहे. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी, थिंकसेंटर टायनी, हे तिन्ही जाड पुस्तकाएवढे, भाडेकरार संपला की बाजारात येतात.

पिढी बघूनच घ्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. ऑप्टिप्लेक्समध्ये ३०६०, ५०६०, ७०६० चालतात, ३०५० आणि ७०५० नाहीत. एलिटडेस्क ८०० मध्ये जी४ चालतो, जी३ नाही. थिंकसेंटरमध्ये एम७२०क्यू चालतो, एम७१०क्यू नाही. दिसायला जोड्या जवळपास सारख्या असल्याने खालचा मॉडेल नंबरच वाचावा.

दुकानात करायच्या तपासण्या:
बायोसमध्ये शिरून पासवर्ड मागतो का बघा. मागत असेल तर परत ठेवा.
क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून एसएसडीची तब्येत आणि चाललेले तास बघा.
अ‍ॅडॉप्टर मूळचाच हवा. ऑप्टिप्लेक्सला दुसरा लावला तर तो ओळखू येत नाही असा संदेश येतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. गिऱ्हाईक समजतं मशीनच मंद आहे.
मागे बहुतेक डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय काहींनाच. तुमचा व्हीजीए मॉनिटर थेट लागणार नाही.
सीआर२०३२ सेल लगेच बदला. घड्याळ मागे गेलं की बँकेच्या आणि जीएसटीच्या वेबसाइट सर्टिफिकेटची चूक दाखवतात.

आय५-८५००टी, १६ जीबी, टॅलीला भरपूर.

नौपाडाकर | संध्याकाळी ५.१०

यादी चोख, पण निर्णयाशी असहमत. आठवी पिढी ही विंडोज ११ च्या उंबरठ्यावरची शेवटची पायरी आहे. पुढच्या विंडोजने रेषा थोडी जरी वर सरकवली तर पहिला बळी हीच. नवीन घ्यायला निघालेला माणूस २०१८ चं मशीन का घेतोय याचं उत्तर फक्त किंमत असेल, तर तीन-चार वर्षांसाठीच घेतोय हे मान्य करून घ्यावं.

टंकनिका | संध्याकाळी ६.२०

श्रीलिपीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

जुन्या फायली श्री-देव ०७०८, ०७१४ अशा फाँटांत असतील तर त्या युनिकोड नाहीत. फाँट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फाँट नसतो. जुन्या मशीनमधून फाँट्सचा पूर्ण फोल्डर वेगळा काढून ठेवा. नव्या आवृत्तीत नाव तेच असलं तरी एखाद्या जोडाक्षराची रुंदी बदललेली असू शकते, आणि मग पत्रिकेतली ओळ खाली उतरते. छापायला देण्याआधी जुनी पीडीएफ आणि नवी पीडीएफ शेजारी ठेवून 'ष्ट्य', 'र्‍या', 'क्त' तपासा.

तुमची आवृत्ती यूएसबी डोंगलवाली असेल तर यूएसबी पोर्ट मोजून घ्या: कीबोर्ड, माउस, डोंगल, डीएससी टोकन, प्रिंटर, वेबकॅम. सहा झाले. बऱ्याच मिनी आणि लॅपटॉपना इतके नसतात, आणि हबवर डोंगल कधी दिसतो कधी नाही. टॉवरला मागेच सहा मिळतात, पुढे दोन वेगळे.

आणि नवीन मजकूर तरी इन्स्क्रिप्ट कीबोर्डने युनिकोडमध्येच (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या लिपीत) टंका. मंडळाचा अहवाल वेबसाइटवर टाकायची वेळ येतेच.

वारा_खाडीचा | संध्याकाळी ६.४५

टंकनिकाताई, डोंगलवालीच आहे. पोर्ट मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार. पारसिक, ती कमांड टाकली, रिटेल चॅनेल दाखवतंय.

पारसिक | संध्याकाळी ६.५०

मग विंडोजचा खर्च वाचला. टॉवरचं पारडं जड झालं.

कळवा_नाका | रात्री ८.०५

खरेदी कुठून? ठाण्याचा गोखले रोड, वाशी की मुंबईचा लॅमिंग्टन रोड?

पारसिक | रात्री ८.३०

भाव पडताळायला लॅमिंग्टन रोड, म्हणजे पत्त्यावरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत. ठाण्याहून दादरला गाडी बदला. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. हजार-दीड हजाराचाच फरक दिसत असेल तर वाशी किंवा नौपाड्यातूनच घ्या, बिघाड झाल्यावर बोर्ड काखेत मारून लोकलने फिरावं लागत नाही.

बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर कंपनीच्या सीलबंद डब्यातला असेल तर तीन वर्षं वॉरंटी असते. 'ट्रे'मधला (डब्याविना सुटा) असेल तर दुकानदार सांगेल तेवढीच, आणि सोबत कूलर येत नाही. जीएसटी १८ टक्के. हिशेबाचा व्यवसाय नोंदणीकृत असेल तर बिल त्या नंबरावर घ्या, क्रेडिट मिळतं.

गावदेवी_मीटर | रात्री ९.१५

यूपीएस कुणी धरला नाही. लॅपटॉप सोडून बाकी सगळ्यांना तो लागणार. टॅलीत नोंद चालू असताना वीज गेली की डेटा बिघडून तो रीराइट, म्हणजे दुरुस्त, करत बसावं लागतं.

हिशेब असा. हा टॉवर साध्या कामात ३५ ते ५० वॉट, २४ इंची मॉनिटर २० च्या आसपास. ७० धरा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट, म्हणजे तो भरपूर झाला. आतल्या १२ व्होल्ट ७ एएचच्या नव्या बॅटरीवर वीसेक मिनिटं मिळतात, तेवढ्यात सेव्ह करून बंद करा. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका, रोलर गरम करताना तो एकदम हजार वॉटच्या घरात जातो. घ्यायच्या आधी दुकानात तुमचाच एसएमपीएस जोडून भिंतीतला प्लग काढायला सांगा. काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर टिकत नाहीत आणि मशीन रीस्टार्ट होतं.

विजेचं बिल: ७० वॉट, रोज ८ तास, महिन्याला सुमारे १७ युनिट. मिनी घेतला तर साडेआठ. फरक एवढाच, त्यासाठी मिनी घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. मल्टिमीटरने फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत दिसायला हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थ नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्याला मुख्य व्होल्टेजच्या निम्म्यावर नेऊन ठेवतात. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तरी हेच होतं. जुन्या बिल्डिंगींत हे सर्रास आहे. कॉम्प्युटरच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

उपवन | रात्री ९.४०

मीटरसाहेब, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, कॉम्प्युटर नसलेल्यांनाही उपयोगी आहे.

पण जागेचं काय? दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. मॉनिटरचं स्टँड वीस खाणार, कीबोर्ड पंधरा. टॉवर टेबलावर मावत नाही.

महापे_शिफ्ट | रात्री ९.५२

म्हणूनच मिनी म्हणत होतो. वेसाच्या (टांगणीच्या ठरलेल्या मापाच्या) १०० बाय १०० मिलिमीटरच्या भोकांवर मॉनिटरच्या पाठीला बसतो. मात्र काही मॉनिटरांचं स्टँडच त्या भोकांवर बसतं, मग मिनी टांगता येत नाही. घेताना पाठ बघा.

सोल्डरगन | रात्री १०.१०

टॉवर टेबलाखाली जाऊ द्या, पण जमिनीवर नाही. लादी पुसताना ओला फडका आणि केरसुणीची धूळ थेट खालच्या एसएमपीएसच्या पंख्यात जाते. चार-पाच इंच उंचीचं लाकडी पाट किंवा चाकांचं स्टँड ठेवा, मागे भिंतीपासून चार बोटं अंतर. खालची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा आणि कोरडी करूनच लावा. घोडबंदर रोडच्या बाजूला, मेट्रोच्या कामाजवळ राहणाऱ्यांनी पंधरा दिवसांनी. धूळ ब्लोअरने उडवताना पंखा बोटाने धरा, फिरू देऊ नका.

खिडकीपासून चार-पाच फुटांचं म्हणालो होतो, ते टेबलाखाली खोलीच्या आतल्या बाजूला ठेवून जमतं का बघा.

वारा_खाडीचा | रविवार, सकाळी १०.३०

ठरवत आणलंय. पारसिकांचा पर्याय 'आ': १२१००, डीडीआर४ चा एच६१०, ८+८. २४ इंची आयपीएस मॉनिटर, ६०० व्हीएचा यूपीएस. टॉवर टेबलाच्या आतल्या कोपऱ्यात पाटावर. लॅपटॉप बारावीनंतर. इलेक्ट्रिशियन उद्या येतोय.

एक राहिलं. जुनं मशीन भंगारात काढू का?

पारसिक | सकाळी १०.५५

अजिबात नाही! ते पायथनला लागेल. २४० जीबीची साधी साटा एसएसडी टाका आणि डीडीआर३ ची जुनी ४ जीबीची पट्टी मिळाली तर बसवून ८ करा. तुमचा बोर्ड एच८१ असेल तर चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात, एसएसडी त्यांतल्या एकाला जोडा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम. पायथन सोबतच येतं, मराठी इन्स्क्रिप्टही लावता येतो. साडेअठरा इंची मॉनिटर तिथेच राहू दे. क्लासच्या वेळी आणि रिटर्नच्या वेळी भांडण नको.

तोवर विंडोज १० च वापरायचं असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून टाका. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत.

टंकनिका | सकाळी ११.२०

जुन्या मशीनवर लिनक्स टाकायच्या आधी क्रम पाळा. टॅलीचं लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालतं. जुन्यावर असतानाच हेल्पच्या मेनूतून लायसन्स सरेंडर करा, मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करा. आधी डिस्क पुसली तर कस्टमर केअरच्या फेऱ्या. टॅलीचा डेटा फोल्डर, फाँटांचा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड आणि टोकनच्या ड्रायव्हरची फाइल एका पेनड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री करा.

सोल्डरगन | सकाळी ११.३२

ताईंच्या म्हणण्यात एक भर. ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क पुसूच नका. लिनक्स नव्या एसएसडीवर टाका, जुनी काढून अँटीस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसोबत कपाटात ठेवा, वर तारीख लिहा. निदान नव्या मशीनवरून तीन महिन्यांची रिटर्नं भरून होईपर्यंत.

वारा_खाडीचा | सकाळी ११.४०

तसंच करतो. मंगळवारी वाशीला जातोय, कोटेशन मिळालं की इथे टाकतो. पारसिक, एकदा नजर घाला.